बोडीतले नर

भैयालालला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको भागीरथा अख्ख्या गावाला सांगे. तिचं चुकत होतं. त्याला खोटं बोलता येत होतं, फक्त वेळ एकदाच आली, आणि त्या एका वेळेत त्याने जन्माचं उरकून घेतलं.

गोसीखुर्दच्या धरणात त्याचं गाव गेलं तेव्हा लोकांनी दारं काढून नेली, चौकटी नेल्या, कौलं नेली. मासेमारी करणाऱ्या ढिवर जातीच्या भैयालालने नेले मागूर. जुन्या गावच्या बोडीतले, म्हणजे गावाजवळच्या लहान तळ्यातले, मिशावाले देशी मागूर मासे. पाणी भरलेल्या गुंडांत, म्हणजे घागरींत, घालून, सायकलवर, सोळा खेपांत. लोक पोट धरून हसले. पुनर्वसनाच्या नव्या गावामागेही एक बोडी होती, मच्छीमार सोसायटीच्या वाट्याला आलेली, तिच्यात त्याने ते सोडले. हसणाऱ्यांचं हसू पुढच्या चार-पाच वर्षांत आपोआप जिरलं, कारण नदीतला मागूर संपला. पाणी अडलं, मासा चढेना. शिवाय बाजारात आला थाई मागूर. सरकारने बंदी घातलेला, तरी चोरून पाळला जाणारा, सडकं मांस खाऊन फुगणारा, ज्या पाण्यात शिरेल तिथलं सगळं गिळून बसणारा. आजूबाजूच्या पंधरा गावांत खरा देशी मागूर उरला तो या एका बोडीत.

हेच ऐकून तृप्ती रामटेके तिथे आली. कोंढ्याची मुलगी, वडील बाबुलाल शाळेत शिपाई होते. घरात पहिली पीएच.डी. होऊ घातलेली. नागपूरच्या एका कॉलेजातून ती संशोधन करत होती आणि तिचा विषय तिने पहिल्याच दिवशी बोडीच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या काठावर, बसून भैयालालला समजावून दिला. बंद पाण्यातल्या मागुराच्या मादीच्या पोटात अंडी धरतात, पण ती सोडत नाही. सोडायची कधी, हे मेंदू सांगतो. मेंदूतही एक अगदी इवलंसं द्रव्य आधी निरोप देतं, मग पुढची सगळी साखळी हलते. ते द्रव्य म्हणजे दहा मण्यांची माळ समजा. एक मणी इकडचा तिकडे झाला तरी निरोप पोचत नाही. त्याचं नाव किसपेप्टिन. ते बाहेरून टोचलं तर बंद पाण्यातली मादीही अंडी सोडेल का, किती टोचावं, किती तासांनी सोडेल, एवढंच तिला शोधायचं होतं. जमलं तर देशी मागुराचं बी तळ्यातळ्यात पुन्हा पेरता येईल, असं ती म्हणाली, आणि भैयालालला ते वाक्य मिठाईसारखं लागलं. ते किसपेप्टिन मात्र त्याच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. तो त्याला ‘माळ’च म्हणायचा.

एक गोष्ट तिने त्या दिवशी जरा घाईने सांगितली. मागुराच्या मादीचं पोट दाबलं की अंडी बाहेर येतात, पण नराचं तसं नाही. नर कापावाच लागतो. पोटातून त्याच्या पांढऱ्या गाठी काढायच्या, बारीक कातरायच्या, मिठाच्या पाण्यात कालवायच्या आणि तो दुधाळ रस कोंबडीच्या पिसाने अंड्यांत मिसळायचा. सगळा खेळ दोन-चार मिनिटांचा. तिने एकटीने मादी सांभाळावी की नर कापावा? म्हणून दोघांनी काम वाटून घेतलं. बोडीकाठच्या शेडच्या पुढच्या बाजूला ती, सुई आणि वजनकाटा. मागच्या पडवीत भैयालाल, पाट आणि सुरी. त्याने गाठी वाटीत घालून आणायच्या, तिने वाटी घ्यायची. कापलेल्या नराचं तोंड तिला बघावं लागत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला बघायचंही नव्हतं.

भैयालालला मात्र बघावं लागे. ढिवराच्या हाताला सुरी नवी नाही, हजारो मासे त्याने चिरले असतील. पण मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत मागुराला सुरी लावायची नाही, हा त्याच्या घराण्याचा नेम. पाणी भरलं की मागूर बोडीतून सरपटत धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चढतात, पुढे पोटुशी मादी, मागे नर. त्या वाटेवरच्या माशाला जो कापेल त्याच्या जाळ्याला मासा लागणार नाही, असं त्याचा बाप सांगायचा, आणि बाप स्वतः उपाशी राहिला पण तो नेम त्याने मोडला नाही. आणि संशोधन तर नेमकं याच दिवसांत. पहिल्या वर्षी भैयालालने चौदा नर कापले. बाई शिकलेली आहे, काम चांगलं आहे, पाप लागलंच तर अर्धं तिच्या वाट्याला जाईल, अशी स्वतःची समजूत घालत कापले. त्या वर्षी औषधाचं माप काही जुळलं नाही. थोडीफार पिल्लं निघाली ती तृप्तीने सगळी स्पिरिटच्या बाटल्यांत भरून नागपूरला नेली.

दुसऱ्या वर्षी मागूर बांधीत चढले तेव्हा भैयालाल तीन दिवस शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून होता. माद्या होत्या. त्यांच्या मागे नर थोडे होते, बोटांवर मोजावेत इतके. कोणी कापले ते त्याला कोणाला विचारायची गरज नव्हती.

आणि त्याच आठवड्यात तृप्तीचा निरोप आला की शेवटचा प्रयोग आहे, सहा नर लागतील.

इथे त्याचं डोकं चाललं, आणि ज्याला आयुष्यभर डोकं चालवायची सवय नाही त्याने ते एकदम चालवू नये. त्याने हिशेब असा मांडला: सुई टोचायची मादीला. माळ लागू पडते की नाही ते मादी सांगणार. नराचं काय, नुसतं पाणी. कोणत्या विहिरीचं पाणी भाजीत घातलं हे कोण विचारतो? आणि पिल्लं तर शेवटी बाटलीतच जायची. तो पवनीच्या बाजारात गेला आणि मागच्या अंगाला, पोत्याखाली टोपलं झाकून बसणाऱ्या एकाकडून सहा थाई नर घेऊन आला. ते थाई आहेत हे त्याला लांबूनच कळलं होतं, तो काही आंधळा नव्हता. संध्याकाळी तृप्तीने माद्यांना सुया टोचल्या. सकाळी नऊला तिने हाक दिली, आणि पडवीत भैयालालने सहाही थाई नर कचाकचा कापले. नेम मोडल्याचं मनातही आलं नाही. उलट बरं वाटलं.

वाट्या हातात घेताना तृप्तीने विचारलं, “बोडीतलेच ना, काकाजी?”

“हाव,” तो म्हणाला.

जात तपासता यावी म्हणून प्रत्येक नराच्या पराचा, म्हणजे पंखाचा, तुकडा कापून ठेवायचा, असा कॉलेजचा दंडक होता. तो त्या सकाळी राहून गेला. अंडी इतकी सुटली होती की तृप्तीला दुसरं काही दिसत नव्हतं. मोहरीएवढी हिरवट अंडी परातीत मावेनात. दुसऱ्या दिवशी पाण्यात नुसता वळवळाट. तिने भैयालालचे दोन्ही हात धरले आणि ती रडली. माप सापडलं होतं, तास सापडले होते. भैयालालही हसला, खरंखुरं हसला, कारण बोडीतले सहा नर बोडीतच होते.

आठ दिवसांनी त्याला कळलं की पिल्लं बाटलीत जाणार नाहीत. एवढी हजारो झाली आहेत, तर थोडी वाढवून बोडीतच सोडायची, असं कॉलेजने ठरवलं होतं. मांडव पडला. पाहुणे आले. सोसायटीचे अध्यक्ष मधुकरराव बोलले, मग पाहुणे बोलले, मग भैयालालला शाल आणि नारळ. तृप्तीने माईकवर सांगितलं की हे यश काकाजींचं आहे. भैयालाल शाल पांघरून उभा होता आणि त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता. भागीरथाने हळूच विचारलंही, की एवढा घाम कायले सुटून राहिला. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. सोडू नका, एवढंच. पण समोर बाबुलालजी पहिल्या ओळीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, पोरीकडे बघत. चारचौघांत तिची मान कशी खाली घालायची? शिवाय स्वतःची? ही दुसरी गोष्ट त्याने मनातल्या मनात पहिलीच्या मागे लपवली. बगळे खातील, साप खातील, वाचतील किती, असं म्हणत त्याने पहिली बादली स्वतःच्या हाताने ओतली.

दोन वर्षांत बोडी बदलली. आधी सोसायटीवाले खूश, कारण जाळ्याला हातभर लांबीचे मागूर येऊ लागले. मग झिंगे दिसेनासे झाले. मग मरळ. मग बांधीत चढणारी पिल्लं. शेवटी जाळं टाकलं की नुसते तेच येत, फुगलेल्या पोटाचे, एकमेकांच्या शेपट्या तोडलेले. गावातल्या केवळरामची बदकाची पिल्लं गेली तेव्हा गाव बोलू लागलं.

तृप्ती आली, वीस माशांच्या पराचे तुकडे घेऊन गेली. महिन्याने कागद घेऊन परत आली. आई देशी, बाप थाई. वीसच्या वीस. तिच्या सरांनी तिला तोंडावर विचारलं होतं की पिल्लं बाहेरून विकत आणली होतीस का. तिचा प्रबंध अडला होता. ती पाळीवर बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशीच, पण कागद गुडघ्यावर धरून. मागच्या पडवीत काही घोटाळा झाला असेल का, एवढंच तिने विचारलं, आणि तेही चाचरत, काकाजींना वाईट वाटेल म्हणून.

भैयालालला तिच्या त्या चाचरण्याचाच मार बसला. “बाई, ते नर बाजारातले होते,” तो म्हणाला. “आपले कापायले माया हात नाई उचलला.”

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, की मले हे लिहून द्यावं लागन. आणि तिने ते कॉलेजला आणि सरकारच्या मत्स्य खात्याला लिहून दिलं. त्यात तिचा शेवटचा प्रयोग रद्द झाला, दोन वर्षं पाण्यात गेली, ज्या मापासाठी ती रडली होती ते पुन्हा शोधायची पाळी आली. लेखी कबुली आली म्हटल्यावर खात्याचा हुकूमही आला: बोडी पूर्ण उपसायची, त्यातला एकही मागूर जिवंत सोडायचा नाही. हुकमात चूक काही नव्हती. पावसात बोडी भरून वाहिली असती तर तेच बी नदीत गेलं असतं.

मे महिन्यात पंप लागले. पाळीच्या खाली खड्डा खणून त्यात चुना टाकला. दोन दिवस मासे निघत होते. खात्याचा माणूस वहीत नोंद करत होता आणि तृप्ती चिखलात पोटरीपर्यंत उभी राहून एकेक डोकं तपासत होती. देशी मागुराच्या डोक्यामागचं हाड गोलसर, थाईचं टोकदार, आणि या मिश्र पिढीचं मधलंच काहीतरी, कधी इकडे झुकणारं, कधी तिकडे. तेवढ्यावरून पक्कं सांगता येत नव्हतं. भैयालाल टोपली वाहत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी हाकललंही नाही. प्रत्येक टोपलीत तो नर शोधत होता. ते सहा, ज्यांच्यासाठी हे सगळं झालं. एकही सापडला नाही. पोसलेल्या त्या धटिंगणांपुढे ते कधीच संपले असावेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अगदी शेवटच्या डबक्यात, त्याच्या हाताला एक मादी लागली. लहान, काळसर, शेपटीचा तुकडा गेलेला, पोट अंड्यांनी टरारलेलं. त्याने तिला दोन्ही हातांत उचललं. असल्या माशाला ओळखायला त्याला हाड बघावं लागत नव्हतं. तो चिखल तुडवत तृप्तीकडे गेला.

“बाई, हे देशी आहे. जुनी माय आहे. हिले ठेवा. कोठूनबी नर आणू, तुमची माळ टोचू.”

तृप्तीने मादी हातात घेतली, डोक्यावरून अंगठा फिरवला, उलटी करून बघितली. पुन्हा अंगठा फिरवला. खात्याचा माणूस म्हणाला की मॅडमनी लिहून दिलं तर मी ठेवतो, माझी हरकत नाही. तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागणार होते, आणि बोडीवरचा एकही मासा नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय जिवंत ठेवायचा नाही, असं हुकमात लिहिलं होतं. म्हणजे सही तिचीच, आणि ती करायची कशाच्या भरवशावर?

“मी सांगून राहिलो ना,” भैयालाल म्हणाला. “मी ओळखतो.”

तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

“काकाजी, तवाबी तुमीच सांगतलं होतं,” ती म्हणाली.

तिने शेपटीचा एक बारीक तुकडा कापून बाटलीत टाकला आणि मासा त्याच्या हातात परत दिला. खड्डा त्यानेच गाठला. फेकली नाही, वाकून ठेवली. मागूर हवेतही श्वास घेतो, पाण्याबाहेर लवकर मरत नाही. चुन्यात तिचं तोंड उघडत-मिटत राहिलं, आणि भैयालाल ते थांबेपर्यंत खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून राहिला. भागीरथा जेवायला बोलवायला आली, उभी राहिली आणि परत गेली.

तीन आठवड्यांनी तृप्तीचा फोन आला.

“काकाजी, ते देशीच होती.”

“हाव,” भैयालाल म्हणाला.

मग तिने विचारलं, की अजून कोठं असन का, एखाद्या बोडीत, नाल्यात, कोठंबी. तो म्हणाला, नाई. आणि पहिल्यांदाच तिने त्याला पुन्हा विचारलं, खरं सांगून राहिले ना.