पट्ट्यावरची ठिपकी

एकवीस वर्षं मी प्रयोगशाळेत कोंबड्या पळवायची नोकरी केली. लोकांना हसू येतं. येऊ दे.

ठिपकी ही गिनी कोंबडी. राखाडी अंगावर पांढरे ठिपके आणि स्वभाव थेट माझ्या सासूबाईंचा. उडायचा कंटाळा, पळण्यात मात्र वस्ताद. तिच्या मांडीला, पोटरीला बारीक तारा लावून तिला फिरत्या पट्ट्यावर सोडायचं आणि कुठला स्नायू कधी ताणला जातो ते टिपायचं, हे आमचं काम. प्रयोग चालवणाऱ्या मॅडम सांगायच्या, जमिनीवरच्या पक्ष्यांचं बळ सगळं वर मांडीत, खाली नुसत्या दोऱ्या. म्हणून पाय हलका राहतो आणि झपझप उचलला जातो.

नियम एकच. पळताना पक्ष्याला समोर माणूस दिसता कामा नये, नाहीतर चाल बदलते आणि आकडे बिघडतात.

पहिल्याच दिवशी ठिपकी ढिम्म हलेना. मी पट्ट्यासमोर जाऊन उभा राहिलो, तशा बाईसाहेब धावत सुटल्या. माझ्याकडे! मॅडम पलीकडच्या खोलीत आकडे बघायच्या, त्यांना काय कळणार? आठ महिने मी रोज तिथेच उभा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. बायको गेल्यापासून मला बघून कोणी दोन पावलं पुढे आलं नव्हतं.

परवा मॅडम म्हणाल्या, "काका, मोजणी संपली. उद्या ठिपकीचे स्नायू काढून वजन करायचं."

म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. असे कितीतरी पक्षी मीच आणून दिले होते. तरी तोंडून निघून गेलं, "मॅडम, ते आकडे चुकीचे आहेत. मी समोर उभा असायचो. माझ्याशिवाय ती पळतच नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आठ महिने?"

"रोज."

"मग सगळं वाया गेलं, काका! तिला मारूनही उपयोग नाही, देऊन टाकू कुठेतरी." मग त्या पट्ट्याकडे वळल्या. "पण एकदा खात्री करू द्या. तुम्ही बाहेर थांबा. नाही पळाली तर सुटली."

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. पट्ट्याची घरघर सुरू झाली. बस गं बाई, आज तरी हट्टाला पेट, असं मी मनात म्हणत होतो.

मग पावलं वाजायला लागली. एकसारखी, भराभर, कुठेही न अडखळता. बराच वेळ वाजत राहिली.

मॅडम बाहेर आल्या त्या हसतच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आकडे तंतोतंत जुळले, काका. उगाच मनाला लावून घेऊ नका. तुम्ही समोर होतात, त्यानं काहीच फरक पडला नव्हता."

मला रडू आलं. मॅडमना वाटलं, ते ठिपकीसाठी.