तळघरातला ताप

मी एक मोबाइल बोलतोय. नवा नाही. काचेच्या कोपऱ्याला तडा गेलाय, पाठ फुगलीय, आणि दुकानदाराने बजावलंय की याला आता चार्जिंगला लावू नका. तेव्हा अंगात धुगधुगी आहे तोवर माझी हकीगत सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातात मोजे. आई कोण, बाप कोण, कळायला मार्ग नव्हता. तिथून खोक्यात आणि खोक्यातून दुकानातल्या काचेच्या कपाटात. एके दिवशी एक उंच, हसरा पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. नखांच्या कडेला निळा रंग अडकलेला. मला उलटंपालटं करून म्हणाला, "दणकट आहे ना? बायकोसाठी हवाय. तिच्या हातात वस्तू टिकत नाहीत."

बायको एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काम करायची. पाचव्या मजल्यावर चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे यांचे डोंगर. शेजारी मोठी खिडकी. मी तिच्या एप्रनच्या खिशात मजेत असायचो. जेवणाच्या सुट्टीत ती नवऱ्याला फोन लावायची आणि तो शिडीवरून ओरडायचा, "अगं, हातात ब्रश आहे, नंतर बोल!" तरी बोलतच राहायचा.

मग त्याचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं. त्यातच एका जहाल औषधाने कान अधू झाले. समोर बसून मोठ्याने बोललं तर कळायचं, फोनवर मात्र काहीच नाही. म्हणून किडनीसाठी नाव नोंदवलं तेव्हा हॉस्पिटलच्या बाईंनी माझा नंबर घेतला.

"फोन केव्हाही येईल," त्या म्हणाल्या. "दोन-तीनदा लावू. नाहीच लागला तर पुढच्या पेशंटला बोलवावं लागतं. राग मानू नका ताई, किडनी फार वेळ थांबत नाही. दुसरा नंबर आहे का कोणाचा?"

"घरात आम्ही दोघंच," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी खिशातली वस्तू राहिलो नाही. तिचा जीव माझ्यात अडकला. मी जरा थरथरलो की तिच्या हातातली चादर खाली पडायची. विमा विकणाऱ्यांनी तर तिला किती वेळा अर्धमेलं केलं असेल!

आणि नेमकं त्याच सुमारास हॉटेलने लाँड्री तळघरात हलवली.

जाड भिंती, वर पाच मजले, चहूकडे लोखंडी यंत्रं. टॉवरचा आवाज मला येईना. आमची जात अशी, की टॉवर हरवला की स्वस्थ बसवत नाही. मी हाका मारायला लागलो. उत्तर नाही, म्हणून आणखी जोर लावला. मध्येच एखादी काडी रेंज यायची, पुन्हा जायची, पुन्हा माझी बोंबाबोंब. दिवसभर हेच. अंग तापायचं आणि दुपारपर्यंत ताकद संपायची. ती मला बाहेर काढून बघायची, तर मी हाताला चटका द्यायचो.

"तापतोय गं हा," ती शेजारच्या मशीनवरच्या मावशींना म्हणाली.

मावशींकडे सगळ्या दुखण्यांवर इलाज असायचा. "घरी गेलीस की फ्रिजमध्ये ठेव."

ठेवलं तिने. दुधाच्या पातेल्याशेजारी! माणसाला ताप आला म्हणून त्याला कोणी बर्फाच्या लादीवर झोपवतं का? बाहेर आलो तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी साचलं होतं; कॅमेऱ्यातून सगळं धुकंच दिसे.

मग इलाजांची रांग लागली. पडद्याचा उजेड इतका कमी केला की तिला वाचताना डोळे बारीक करावे लागायचे. लोकेशन बंद केलं. तिचा एकुलता एक रंगीत गोळ्यांचा खेळ काढून टाकला. कव्हर उतरवलं. दुकानदाराने नवी बॅटरी घातली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता घोड्यासारखा पळेल." दुसऱ्या दिवशी दुपारी घोड्याने तळघरात गुडघे टेकले.

दुखणं माझ्यात नव्हतंच. पण मला वाजता येतं, सांगता येत नाही.

शेवटी तिने पॉवर बँक आणली. एप्रनच्या एकाच खिशात ती आणि मी, बाहेर इस्त्रीच्या मशीनची वाफ. एकीकडे चार्जिंग, दुसरीकडे हाका. माझा तवा झाला. आमच्यात एक सोय असते, फार तापलो की आपलं आपणच बंद पडतो, नाहीतर जळून जाऊ. त्या दुपारी मी बंद पडलो. चादरींच्या गडबडीत तिला कळलंच नाही.

काम सुटल्यावर वर रस्त्यावर येऊन तिने मला चालू केलं, आणि मी हुकलेल्या फोनचा मेसेज तिच्यापुढे ठेवला. ठेवावाच लागला. हॉस्पिटलने तीनदा फोन केला होता.

तिने तिथूनच नंबर लावला.

"ताई, खूप प्रयत्न केला हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्या पेशंटला बोलावलं. ते आत गेलेत."

ती फुटपाथच्या कडेला बसली. लोक तिला वळसा घालून जात होते. रडली नाही. मला मात्र इतकं घट्ट धरलं होतं, की ही आता मला दगडावर आपटणार असं वाटलं. आपटलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

घरी तिने तो मेसेज नवऱ्यापुढे धरला आणि किडनी दुसऱ्याला गेल्याचं सांगितलं. त्याने वाचला. पुन्हा वाचला.

"फोडून टाकते याला!" ती म्हणाली.

"आण इकडे." त्याने मला तिच्या हातातून काढून घेतलं. उशाशी ठेवलं. मग म्हणाला, "ज्याला मिळाली त्याला लाभू दे." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवायला उठला नाही. तिनेही ताट वाढलं नाही.

पुढचे दोन दिवस तिने सुट्टी घेतली. डायलिसिसला दोघं बरोबर गेले. तिथे तो मला मांडीवर घेऊन बसायचा. ऐकू येत नसलेल्या माणसाचे हात फार सावध असतात. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तसा त्याने हात पुढे केला आणि माझ्यावर तळवा ठेवला.

"परवा गार. काल गार. आज चटका," तो म्हणाला. "तळघरात रेंज असते का गं?"

ती त्याच्यासमोर बसून मोठ्याने म्हणाली, "असते की एखादी काडी!"

"एखादी काडी! मग हा दिवसभर ओरडत असणार." त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच हसला. "माझ्याशी बोलताना तुम्हा लोकांचं काय होतं? ओरडून ओरडून संध्याकाळपर्यंत चेहरा उतरतो तुझा. याचंही तेच. याला वर ठेव कुठेतरी."

मला त्याच्या हाताला बिलगावंसं वाटलं.

लाँड्रीचा सुपरवायझर सहजासहजी ऐकणाऱ्यांतला नव्हता. "फोन गेटवर ठेवणार? हरवला तर जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"आणि सारखं वर-खाली पळणं चालणार नाही."

"एकदाच पळेन," ती म्हणाली.

मागच्या गेटवर, जिथे मालाचे ट्रक येतात, तिथे एक वॉचमन काका बसायचे. त्यांनी मला खिडकीत जागा दिली. टॉवर समोर दिसत होता. ओरडायची गरज नाही, नुसतं कुजबुजलं तरी पुरे. दिवस मावळला तरी माझ्यात निम्म्याहून जास्त ताकद उरायची. पण चैन कोणालाच नव्हती. एकदा हुकलेला फोन परत येतो याची हमी कोण देणार? घरी तो दिवसेंदिवस पिवळा पडत चालला होता.

आणि एका दुपारी मी वाजलो. काका ट्रक मागे घ्यायला मदत करत होते. "येऊ दे, येऊ दे, अजून!" इंजिनाच्या आवाजात त्यांना मी ऐकूच गेलो नाही. मी थरथरत खिडकीच्या कडेपर्यंत सरकलो. फोन थांबला.

पुन्हा वाजलो. यावेळी काका धावले. "हॅलो! हो हो, तिचाच फोन. ठेवू नका बाई, देतो तिला, आत्ता देतो!" आणि मला कानाशी धरून ते थेट तळघराचा जिना उतरायला लागले.

काका, नका! खाली नका! प्रत्येक पायरीला टॉवरचा धागा बारीक होत होता. बाईंचा आवाज तुटायला लागला, "हॅलो... ऐकू येतंय का... हॅलो..." वळणावर धागा तुटला.

"अगं ए, फोन! हॉस्पिटलचा!" काका ओरडले. ती हातातलं सगळं टाकून आली, मला कानाला लावलं. मी मुका. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग मला छातीशी धरून ती जिना चढत सुटली. दारातच तिने फोन लावला.

एंगेज.

पुन्हा लावला. एंगेज. त्या बाई पुढच्या नंबरवर बोलत असतील, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. काका कपाळाला हात लावून उभे. "माझंच चुकलं गं पोरी. मी खाली यायलाच नको होतं."

आणि मी वाजलो. माझ्या जन्मात इतक्या जोराने मी कधी वाजलो नसेन.

"ताई? फोन कट होत होता, म्हणून—"

"येतोय आम्ही!" ती ओरडली. "त्यांना घेऊन आत्ता निघतेय. कोणाला देऊ नका!"

ऑपरेशन झालं. शरीराने किडनी स्वीकारायला बरेच आठवडे घेतले, मध्ये दोनदा धाबं दणाणलं. पण तो उठला. कान काही परत आले नाहीत. शिडीवर आता चढत नाही, पाट्या जमिनीवर ठेवून रंगवतो. एक गोष्ट मला अजून सतावते. त्या दिवशी आणखी कुठल्यातरी घरात एक फोन वाजला असेल, आणि तो उचलणाऱ्याचं सगळं संपलं असेल. त्या घरातल्या माणसांनी किडनी द्यायला रडत रडत 'हो' म्हटलं, म्हणून आमच्या घरात दिवा राहिला.

मी मात्र त्या तळघरात खचलोच. बॅटरी फुगली. माझ्यातले सगळे फोटो आज नव्या फोनमध्ये गेले. उद्या मला जुन्या यंत्रांच्या पेटीत टाकणार आहेत. तक्रार नाही. जाता जाता एवढंच मागतो: तुमच्या घरात कोणी उगाच तापायला लागलं, लवकर थकायला लागलं, तर त्याला लगेच नादुरुस्त म्हणू नका. ते दिवसभर कुठे असतं आणि कोणाला हाका मारत असतं, एवढं एकदा बघून घ्या.

तिने आत्ताच मला हातात घेतलंय. पदराने काच पुसतेय. बटणावर तिचं बोट आहे आणि ते दाबायला ती उशीर करतेय. दाब बाई. मी गार आहे.