इकडे तर सगळं नीट दिसतंय

मी जुनी आहे हे मला पाहून कुणाला कळणार नाही, मित्रांनो. फाइलला सुरकुत्या पडत नाहीत, तिच्या कडा पिवळ्या होत नाहीत. माझ्यात जे लिहिले गेले ते आजही जसेच्या तसे आहे. तरी आता मला कुणीच वाचू शकत नाही. हे कसे झाले ते सांगते.

माझा जन्म जेवणघराच्या कोपऱ्यातल्या एका संगणकावर झाला. त्या घरातले आजोबा काच फुंकणारे होते. प्रयोगशाळांना लागणाऱ्या वळणावळणाच्या नळ्या आणि एकात एक बसवलेल्या बाटल्या त्यांनी उभा जन्म ज्योतीसमोर बसून घडवल्या. आता त्यांची छाती थकली होती. चार वाक्ये बोलली की दम लागायचा. दूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत ते काचकामाचा वर्ग घेत असत. तिथल्या प्राचार्यबाईंनी सांगितले होते, येणे जमणार नसेल तर निदान पुस्तक द्या. नवे सत्र सुरू होण्याआधी ते छापून झाले तर वर्ग राहील. नाहीतर ती खोली दुसऱ्या विभागाला जाईल आणि काचकाम कायमचे बंद होईल.

ते पुस्तक म्हणजे मी.

आजोबा सांगायचे आणि त्यांची सून टाइप करायची. सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत नळी फिरवत राहायचे.

"बाबा, हातांनी नका सांगू. मी पडद्याकडे बघतेय, मला नुसतं ऐकू येतं."

"मग जरा इकडे बघ. नुसतं ऐकून काच वाकत नाही."

ती हसून मान वळवायची आणि जे दिसेल ते शब्दांत पकडायची. माझी चांगली वाक्ये अशीच झाली आहेत.

इथे एक गोष्ट समजून घ्या. माझ्या पोटात अक्षरे नसतात, आकडे असतात. कोणत्या आकड्यासाठी कोणते अक्षर काढायचे, हे आजकालच्या सगळ्या फाँटांनी मिळून ठरवलेले आहे. माझा फाँट त्याआधीचा. त्याचे कोष्टक त्याच्यापुरतेच होते. शिवाय तो त्या संगणकात होता, माझ्यात नव्हता. माझ्याजवळ होते ते फक्त त्याचे नाव. चष्मा घरी विसरून चष्म्याच्या दुकानाचा पत्ता खिशात घेऊन निघावे, तशी माझी गत.

शेवटची दोन प्रकरणे सोडून बाकी सगळे झाले, तेव्हा आजोबांनी खुर्ची ओढून मला पडद्यावर पाहिले. "पुस्तकच झालं की गं हे," म्हणाले. माझ्या आयुष्यातले कौतुक एवढेच.

मग, राहिलेली दोन प्रकरणे मागाहून देऊ म्हणून, झाले तेवढे ई-मेलने संस्थेत पाठवले. एक प्रत गेली, एक घरी राहिली. दोघी अगदी सारख्या, आकड्याला आकडा. संस्थेच्या छपाई विभागातल्या संगणकाला माझा फाँट सापडला नाही. त्याने तसे कुणाला सांगितले नाही, मुकाट्याने दुसराच फाँट लावला. माझ्या पानांवर कंस, टिंबे आणि परकी अक्षरे पसरली. छपाईवाल्यांनी कळवले, फाइल खराब आहे, पुन्हा पाठवा. सुनेने मला उघडून पाहिले तर मी स्वच्छ दिसत होते. तिने मला तशीच पुन्हा पाठवले. पुन्हा तेच उत्तर आले. तिच्या नवऱ्याने टाइप करायच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत साठवून पाठवायला सुचवले, तेही झाले. माझे कपडे तेवढे बदलले, फाँट तोच राहिला.

शेवटी फोन झाला.

"मॅडम, इकडे नुसत्या मुंग्या दिसतायत."

"अहो, इकडे तर सगळं नीट दिसतंय. मी आत्ता समोर बघून वाचतेय. तुमच्याच मशीनचं काहीतरी असेल."

"आमच्या मशीनवर बाकीच्यांची पुस्तकं उघडतात ना."

दोघेही खरे बोलत होते आणि दोघांनाही समोरचा निष्काळजी वाटत होता.

आजोबा शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी खुर्ची सुनेकडे वळवली. मग म्हणाले, "मी नीट सांगितलं नाही का गं? त्यांना कळत नाहीये म्हणून विचारतो."

तिने हरतऱ्हेने समजावले, मशीनचा घोळ आहे म्हणून सांगितले. समजूत घालणाऱ्याचे मन राखावे तशी त्यांनी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी तिला हाक मारून म्हणाले, पहिल्यापासून घेऊ, सोपे करून सांगतो. जे आधीच सोपे होते ते त्यांनी आणखी सोपे केले. लांब वाक्ये तोडली, एकेक वाक्य दम घेत सांगितले. राहिलेली दोन प्रकरणे बाजूलाच पडली. काच सावकाश गार कशी करायची, एवढी मेहनत घेऊन जोडलेली नळी नंतर आपोआप का तडकते, ते सगळे त्यांत येणार होते. तेवढा श्वास उरला नाही.

सोपी झालेली मी पुन्हा गेले. तिकडे पुन्हा मुंग्याच दिसल्या.

सत्र सुरू झाले. संस्थेचे पत्र आले, सभ्य आणि आखूड. खोलीतल्या गॅसच्या नळ्या काढून टाकल्या होत्या. आजोबा त्याच वर्षी गेले.

पुढे घरात नवा संगणक आला. सुनेच्या नवऱ्याने आठवणीने सगळ्या फाइली त्यावर घेतल्या आणि जुना भंगारात दिला. फाँट फाइलींमध्ये नसतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते. एका दुपारी सुनेने मला उघडले. पडद्यावर मुंग्या होत्या. तेव्हा तिला कळले की छपाईवाला खोटे बोलत नव्हता. तिने मला बंद केले ते आजतागायत. माझा फाँट कुठेतरी शोधून मिळेलही. पण शोधायला त्याचे नाव हवे, ते माझ्यात आहे, आणि मला उघडते कोण?

म्हणून सांगते, मित्रांनो. फाइल पाठवाल तेव्हा सोबत पीडीएफही पाठवा. तिच्यात फाँट भरून दिला की ती सहसा सगळीकडे सारखीच दिसते. आणि नुसते "मिळाली का?" विचारून थांबू नका. पहिली ओळ वाचून दाखवायला सांगा. माझ्याबाबत हे कुणालाच सुचले नाही. माझी पहिली ओळ आजोबांनी दोन्ही वेळा तीच ठेवली होती, त्याहून सोपी ती होईना: "तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच असते, म्हणून उचलण्याआधी तळहात जवळ नेऊन बघा."