बाहेर उघडणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. सध्या एका पत्र्याच्या शेडला मला लावलेलं आहे. माझी बाहेरची बाजू हिरव्या रंगाची आहे आणि आतली बाजू जळून काळी पडलेली आहे. ती अशी का आहे, हे तुम्हाला सांगावं असं फार दिवस मनात होतं.

१९८२ साली आदिलाबादहून मावल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवी जिनिंग उभी राहत होती. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. नागनाथ सुताराने मला तिथेच घडवलं. जाड फळ्या, मोठ्या बिजागऱ्या आणि आतून लावायला लाकडी अडसर. जो येई तो माझ्यावर थाप मारून म्हणे, "दार मजबूत हाय." मला त्याचा अभिमान वाटे.

पुढचं मोठं फाटक मालाचं होतं. मी मागचा दरवाजा. माझ्या आतल्या दालनात यंत्रं चालत आणि त्यांच्या शेजारी बायका बसून कापसातला काडीकचरा निवडत. माझ्या बाहेर एक अरुंद गल्ली होती. हंगामात तिथे कापसाच्या बैलगाड्या रांगेने उभ्या राहत. गाड्यांना अडचण नको म्हणून मला आतल्या बाजूला उघडणारा बसवला होता. त्यात काही चूक आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

तिसऱ्या हंगामात ते कळलं. भर दुपारी कापसाबरोबर आलेला एक खडा यंत्रात अडकला आणि ठिणगी उडाली. रुईवर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसावर, आग चालत नाही मित्रांनो, ती पळते. आगीने पुढच्या फाटकाची वाट अडवली आणि सगळ्या बायका माझ्याकडे धावल्या. सगळ्यात पुढे सोनाबाई होती. तिने मला आत ओढलं, पण मागून येणाऱ्या बायकांनी तिला माझ्यावरच दाबून धरलं. जितका रेटा वाढला, तितका मी घट्ट बसलो. सोनाबाईची बोटं माझ्या आणि चौकटीच्या फटीत सापडली. ती ओरडत होती आणि मला हलता येत नव्हतं.

तेव्हा सोनाबाईची जाऊ बयनाबाई उलटी फिरली. आगीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून तिने बायकांना मागे लोटलं. "मांगं सरा. मांगं सरा, नाही तं सगळ्याच मरू." हातभर जागा झाली आणि मी उघडलो. सगळ्या बाहेर पडल्या. आग हौदाच्या पाण्याने विझली. पण सोनाबाईची दोन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

पुढच्या आठवड्यात भिंतीवर वाळूच्या लाल बादल्या आल्या. मॅनेजर सुधाकरराव समाधानाने त्यांच्याकडे पाहत होते. बयनाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बादल्या चांगल्या हायेत साहेब. पन आमी निंगाचं कुठून?"

"दार आहे ना, बयनाबाई."

"दार हाय. पन ते आमच्याच अंगावर उघडते."

सुधाकरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला गाड्यांची अडचण समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तुमी या. दार उघडून दाखवा. आमी मांगून फक्त उभ्या राहतो."

सुधाकरराव हसत आले. त्यांनी माझी कडी धरली. मागे बायका उभ्या राहिल्या, मग हळूहळू पुढे सरकल्या. सुधाकररावांची छाती माझ्या फळीला टेकली. ते ओढत राहिले आणि त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या कडीला लागला. बायका बाजूला झाल्या तेव्हा त्यांचं हसू गेलेलं होतं. "शेठला सांगतो," एवढंच ते म्हणाले.

गाड्यांचंच कारण देऊन शेठने नकार दिला. दुसऱ्या दिवशी बायका आल्या, पण आत गेल्या नाहीत. बाहेरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली बसल्या. कापसाचे ढीग वाढत गेले. गाडीवान वैतागले. त्यांच्यातला महिपत बयनाबाईला म्हणाला, "माय, आमचे बैल उपाशी उभे हायेत. काऊन अडून राह्यल्या तुमी?"

"तुह्या बैलांसाठी दुसरी जागा हाय, महिपत. आमाले दुसरं दार नाही."

महिपतने आपली गाडी गल्लीतून काढून वळवली आणि पलीकडच्या पटांगणात नेली. त्याच्या मागून दुसरी गेली, मग तिसरी. गाड्या तिकडेही उभ्या राहू शकतात, हे दिसल्यावर शेठकडे कारणच उरलं नाही.

नागनाथ पुन्हा आला. त्याने मला उतरवून, बिजागऱ्या बदलून, बाहेर उघडेल असा बसवला. माझ्यासमोर कुणी गाडी लावू नये म्हणून बायकांनी स्वतः खड्डे खणून दोन दगडी खुंट पुरले.

त्यानंतर दर सोमवारी, कामाला बसण्याआधी, बयनाबाई सगळ्यांना माझ्यातून बाहेर नेऊ लागली. बाहेर लिंबाखाली थांबायचं आणि एकेकीचं नाव घ्यायचं. नवीन आलेली मथुराबाई कुरकुरायची, "आग नाही, काई नाही. काऊन पळाचं?"

"पळाचं नाही," बयनाबाई म्हणे. "चालाचं. पळनारी पडते, अन् पडली का मांगची तिच्यावर पडते."

वर्षं गेली. आग लागली नाही की माणसं विसरतात. चांगल्या पिकाच्या वर्षी कुणीतरी माझ्यासमोर कापसाची गठाण, म्हणजे दाबून बांधलेला मोठा गठ्ठा, आणून ठेवी. "दोनच दिवस," असं म्हणे. बयनाबाई हमालांना बोलावून ती हलवायला लावी. हमाल नसले तर बायकांना घेऊन स्वतः लोटे. लोक तिला हट्टी म्हणत. तिचे केस पांढरे झाले, पण गठाण माझ्यासमोर एक रात्रही राहिली नाही.

१९९४ च्या हंगामात पुन्हा आग लागली. या वेळी ती फार मोठी होती. वीज गेली. धुराने दालन काळं झालं आणि बायकांना एकमेकींचे चेहरे दिसेनात. त्या काळोखात बयनाबाईचा आवाज आला, "चाला. सोमवारच्यावानी चाला."

आणि त्या चालल्या. पहिलीचा हात अडसरावर पडला. तिने अडसर उचलला, मागचा भार माझ्यावर आला आणि त्याच भाराने मी उघडलो. एकामागून एक पदर तोंडाला लावलेल्या बायका माझ्यातून गेल्या. शेवटी सुधाकरराव खोकत बाहेर पडले. माझी आतली बाजू तेव्हा जळत होती.

लिंबाखाली बयनाबाई नावं घेऊ लागली. मथुराबाईचं नाव घेतलं, पण ओ आली नाही. दुसऱ्यांदा घेतलं, तरी नाही. बयनाबाई माझ्याकडे वळली. सुधाकररावांनी तिचा दंड धरला. "आत जायचं नाही. तुम्हीच आम्हाला शिकवलं."

"सोडा मले, साहेब."

"नाही सोडणार."

तेवढ्यात इमारतीला वळसा घालून मथुराबाई धावत आली. ती पाणी प्यायला पुढे गेली होती आणि फाटकातून बाहेर पडली होती. बयनाबाई तिथेच मातीत बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत रडली.

यंत्रं गेली, छप्पर कोसळलं, पण एकही माणूस गेलं नाही. नव्या इमारतीला सुधाकररावांनी लोखंडी दरवाजे करवून घेतले, सगळे बाहेर उघडणारे. मला बायकांच्या जेवणाच्या शेडला लावलं.

मित्रांनो, दरवाजा मजबूत असला म्हणजे झालं, असं मला एके काळी वाटायचं. आता वाटत नाही. तो वेळेला उघडला पाहिजे, आणि त्याची काळजी आग लागायच्या आधीच घ्यावी लागते. म्हणून तुम्हाला एकच विनंती करतो. आज संध्याकाळी आई-बाबा घरी आले, की त्यांना विचारा, "तुमच्या कामाच्या जागी मागचं दार कुठं आहे?" ते विचारात पडले, तर उद्या कामाला हात लावण्याआधी त्यांना ते शोधायला सांगा.