टाचेखालचा खडा

सकाळचे आठ वाजायच्या आत धाकटीनं चौदा कच्च्या विटांचे कोपरे दाबून टाकले होते, आणि तेही हात न लावता, नुसत्या टाचांनी.

"धब! धब! धब! पाऊल उचल, पाऊल!" साच्यापुढून सासू ओरडली. "लग्न होऊन आलीस की भूकंप होऊन?"

"उचलतेय की, आत्याबाई," डोक्यावरची फळी सावरत धाकटी म्हणाली.

"उचलतेस गं, पण ते आपटूनच खाली येतंय. बघ, हिचाही कोपरा गेला. टाक परत गाऱ्यात."

धाकटीनं वीट गाऱ्यात टाकली. मागून तिची मोठी जाऊ रिकामी फळी घेऊन येत होती. थोरली येत होती पळतच, पण ती आलीय हे मान वळवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. भट्टीवर तिला सगळे मांजर म्हणत. मालकही म्हणत. मालकांनी उभ्या आयुष्यात जेवढं कुणाचं कौतुक केलं, ते सगळं या एका शब्दात आटोपलं होतं.

वीटभट्टीवर पळायचं काम बायकांचं. साच्यापुढे बसलेली बाई कालवलेल्या मातीचा गारा थापणार, साचा फळीवर उलटा करणार. चार विटा झाल्या की फळी डोक्यावर, आणि दोनशे पावलांवरच्या मैदानात नेऊन विटा वाळत मांडायच्या. चालत गेलं तर इकडे दुसरी फळी भरून बसते, आणि भरलेली फळी उन्हात थांबली की विटा बुडातून पसरतात. म्हणून पळायचं. पण टाच आपटली की धक्का पायातून मणक्यात, मणक्यातून डोक्यात आणि डोक्यातून विटेत जातो. वाटेत बाईच्या मणक्याचं काय होतं, हे कुणी तपासलं नव्हतं. विटेचा कोपरा दबतो, हे मात्र सगळ्यांना दिसायचं. चपला गाऱ्यात रुततात म्हणून मालकांनी त्या फाटकाबाहेरच काढायला लावल्या होत्या.

साच्यापुढे बसायला मिळणं म्हणजे सुटका. तिथे डोक्यावर पत्रा होता, पत्र्याखाली सावली होती आणि हाताशी पाण्याचा माठ होता. अशा जागा दोनच. एकीवर सासू. दुसरीवरच्या म्हातारीचे हात थरथरायला लागले, तशी ती लेकीकडे गेली. तेव्हापासून महिनाभर त्या सावलीत मालकांचा कुत्रा झोपत होता. ती जागा थोरलीची, यात कुणाला शंका नव्हती. अट एकच, आणि ती भट्टीइतकीच जुनी: आपल्या जागी पळणारी तयार केल्याशिवाय कुणी बसायचं नाही. तयार म्हणजे चाळीस फळ्या, मालकांच्या डोळ्यांदेखत, एकही कोपरा न दबता.

थोरली चौदा वर्षं पळत होती. तिचे गुडघे आता बोलायला लागले होते. उठताना एक बोलायचा, बसताना दुसरा, आणि रात्री दोघं मिळून. सावलीतल्या त्या कुत्र्याकडे ती ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं तिनं नवऱ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं.

ती नवी नवरी असताना सासूनं तिला शिकवलं होतं. दोन्ही टाचांखाली फडक्यानं एकेक खडा बांधून. टाच टेकली की खडा रुतायचा. तिसऱ्या दिवशी तिला बिनआवाजी पळता यायला लागलं, पाचव्या दिवशी जखमा चिघळल्या आणि पंधराव्या दिवशी सासू सावलीत जाऊन बसली. थोरलीनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आपण कुणाला शिकवू तर मायेनं.

ती चार दिवस मायेनं शिकवत होती.

"हे बघ, लांब ढांग टाकू नकोस. पाय पुढे फेकलास की टाचच आधी पडणार. पाऊल बारीक टाक, आपल्या अंगाखाली पडू दे. गुडघा सैल सोड. मान हलवायची नाही, मानेवर आपला संसार आहे असं समज."

"विटाच आहेत ना, जाऊबाई?"

"तेच ते. आणि भुईला पाय मारायचा नाही. भुई तापलेला तवा आहे, टेकला की उचल. कळलं?"

"कळलं."

"पळ."

धब. धब. धब.

"कळलं म्हणालीस ना गं!"

"डोक्याला कळलं, जाऊबाई. पायांना अजून सांगायचंय."

धाकटी हसली की दोन्ही गालांना खळ्या पडत. चार दिवसांपूर्वी त्या थोरलीला गोड वाटल्या होत्या.

पाचव्या दिवशी मालक फेरीला आले. गाऱ्यात परत पडलेल्या विटांकडे त्यांनी बघितलं, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय मांजर, पिल्लू पळतंय का? पुढच्या शनिवारी बघतो. नाही जमलं तर पलीकडच्या भट्टीवरची एक जण यायला तयार आहे. ती बसेल इथे. या बिचाऱ्याला तरी किती दिवस ताटकळत ठेवायचं?" बिचारा म्हणजे कुत्रा.

त्या संध्याकाळी थोरली खडे शोधायला गेली. तिनं बराच वेळ घेतला. फार टोकदार नको, फार गुळगुळीत नको. निवडलेले खडे तिनं पदरानं पुसलेसुद्धा. आपण हे मायेनंच करतोय, असं तिला खरोखर वाटत होतं.

"जाऊबाई, रक्त येतंय," दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी म्हणाली.

"टाच टेकू नकोस, म्हणजे येणार नाही."

"थोडा वेळ सोडू का?"

"मला कुणी सोडलं होतं?"

ऊन असं होतं की गाऱ्यावर पाणी मारलं तर गारा भिजायच्या आधी ते उडून जात होतं. मैदानातली माती करपून पांढरी पडली होती आणि तिच्यावर धाकटीच्या पावलांचे ठसे उमटत होते, मागच्या बाजूला लाल ठिपका असलेले. सासू साच्यापुढून ते बघत होती. "आता खरी शिकवायला लागलीस," ती थोरलीला म्हणाली. चौदा वर्षांत सुनेला मिळालेली ही पहिली शाबासकी. थोरलीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा थोडा रागही आला. राग तिनं धाकटीवर काढला.

भट्टीच्या कुंपणालगत रस्ता होता. त्या रस्त्यावरून शहरातला एक माणूस रोज सकाळी पळायचा. आधी तो महागडे बूट घालून पळायचा. वर्षभरापासून बूट नाड्यांनी गळ्यात अडकवून अनवाणी पळत होता, आणि तेव्हापासून लंगडत होता. बायका त्याला बूटवाला म्हणत. पुढच्या सकाळी तो कुंपणाशी थांबला आणि थोरलीकडे बघत राहिला. सासूनं खाकरून त्याला भानावर आणलं.

"बाई, असं पळायला तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"खड्यानं," थोरली म्हणाली.

त्याला ते तत्त्वज्ञान वाटलं. त्यानं मान डोलावली. "दीड वर्ष झालं, मी पुस्तकं वाचतोय, व्हिडिओ बघतोय. बारीक पावलं, पंजावर उतरणं, सैल गुडघा, स्थिर मान... तुमचं सगळं शास्त्राप्रमाणे आहे हो! फक्त एक चुकतंय. तुमची टाच भुईला लागतच नाही."

"लागायची नसतेच."

"आधी नाही लागायची. पंजा आधी, हे बरोबर. पण मग टाच हळूच टेकू द्यायची. झोपलेलं मूल आपण खाली ठेवतो ना, तशी. सतत वर धरली तर पोटरीमागची शीर आखडते."

"आणि आखडली की?" हे धाकटीनं विचारलं.

"मग टाच खाली जातच नाही."

"इथे कुणाला खाली न्यायचीय?" थोरली म्हणाली. "डोक्यावर विटा आहेत भाऊ, झोपलेलं मूल नाही."

"आधी स्वतःचं लंगडणं बघा म्हणावं!" सासूनं साच्यापुढून पुरवणी जोडली. भट्टीवर हशा पिकला. बूटवालाही कसनुसा हसला आणि लंगडत निघून गेला. धाकटी तेवढी हसली नाही. खड्यांवर उभं राहून हसू कसं येईल, असं थोरलीला वाटलं आणि तिनं फळी उचलली.

दोन दिवसांनी धाकटीच्या पावलांचा आवाज बंद झाला. थोरली पाठ करून उभी राहिली, कान लावला. काहीच नाही. पुन्हा पळायला लावलं. काहीच नाही. तिनं खडे सोडले, तरीही काही नाही. भट्टीवर पळणं शिकवणाऱ्या बायका कानांनीच बघत. सासूनंही कानांनीच बघितलं होतं. त्यामुळे धाकटीचा पंजा आधी उतरतो आणि मागून टाच, जखमेसकट, मातीवर अलगद विसावते, हे कुणाला दिसलंच नाही.

शनिवारी मालक खुर्ची टाकून बसले. धाकटी पळत राहिली. प्रत्येक फळीवरच्या विटांचे कोपरे मालक बोटानं चाचपत होते. विसाव्या फळीला त्यांना जांभई आली, तिसाव्या फळीला त्यांनी चहा मागवला. चाळिसावी फळी मांडून धाकटी परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"जमलं की!" मालक म्हणाले. "मांजर, जा. बस."

थोरलीनं कुत्र्याला उठवलं. हात धुतले. का धुतले ते तिलाच कळलं नाही, कारण लगेच ते गाऱ्यात घालायचे होते. आणि ती साच्यापुढे बसली.

हे बसणं उकिडवं. मांडी घालून भागत नाही, पाटावर बसूनही नाही. अंगाचा सगळा भार दोन्ही हातांनी साच्यात उतरवावा लागतो, तेव्हा कुठे विटेचे कोपरे भरतात. थोरली पंजांवर बसली. चुलीपुढे, नळावर ती नेहमी तशीच बसायची, आणि सगळ्या बायका तशाच बसतात असं तिला वाटायचं. तिनं गारा उचलला, साच्यात आपटला, भार टाकला आणि तोंडावर पडली.

मालक हसले. कुत्रा भुंकला.

"पाय घसरला," थोरली म्हणाली. पुन्हा बसली. या वेळी टाचा खाली न्यायला गेली. त्या गेल्या नाहीत. पोटरीमागून काहीतरी ताणलं गेलं, ओढलेल्या दोरासारखं, आणि ती मागे कोलमडली. तिसऱ्यांदा तिनं जीव खाऊन भार टाकला, आणि साच्यासकट गाऱ्यात गेली. सासू शेजारच्या साच्यावर थापत होती. तिचे हात थांबले नाहीत आणि मानही वळली नाही.

"हिला दिवसभर उचलायला मी वेगळा माणूस ठेवू का?" मालक म्हणाले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "धाकटे, तू बस बघू."

"मी? नको मालक, जाऊबाईंची जागा आहे ती."

"बस म्हणतोय ना."

धाकटी बसली. दोन्ही तळवे सगळेच्या सगळे भुईला टेकवून, खळगे पडलेल्या टाचांसकट. गारा आपटला, भार टाकला, साचा उलटा केला. चारही कोपरे भरलेली वीट फळीवर उतरली.

"झालं तर मग," मालक उठले.

"मालक, अट आहे," गाऱ्यानं माखलेली थोरली उभी राहत म्हणाली. तिचा चढलेला आवाज पहिल्यांदाच भट्टीवर ऐकू आला असावा, कारण सगळे थांबले. "पळणारी तयार केल्याशिवाय बसायचं नाही. हिनं कुणाला तयार केलंय?"

मालकांनी तिच्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं.

"तू आहेस की," ते म्हणाले. "तुझ्याहून तयार कोण आहे?"

"मी नकोच म्हणत होते हं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. पण उठली नाही.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर सासू साच्यापुढून उठली. सकाळी सगळ्यांच्या आधी बसायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मागून उठायची, ही तिची चौदा वर्षांची सवय. कामसू बाई म्हणून मालक तिचं उदाहरण देत. ती उठली आणि थोरलीला तिच्या पायांच्या जागी विटेचे दोन पाचरीसारखे तुकडे दिसले. टाचांच्या आकारानं झिजून गुळगुळीत झालेले. वीटभट्टीवर विटेचे दोन तुकडे कुणाच्या डोळ्यात भरणार?

"हे काय, आत्याबाई?"

"टाचांखाली घेते. माझ्याही कुठे टेकतात?"

थोरली खाली वाकली. तिनं ते तुकडे हातात घेऊन बघितले. "तुम्हाला ठाऊक होतं."

"मीही पडले होते. तेव्हा या मालकांचे वडील होते, ते दुपारचे झोपायचे. तेवढ्यात शोधले मी हे."

"मला आधी सांगितलं असतंत तर?"

"मला कुणी सांगितलं होतं?" सासू कंबर चोळत म्हणाली. "आणि धाकटीला खडा बांधायला तरी तुला कुणी सांगितलं होतं? तुझं तुलाच सुचलं ना? मग हेही सुचायला हवं होतं."

थोरलीनं तुकडे खाली ठेवले, त्यांवर टाचा टेकवल्या आणि साच्यापुढे बसली. गारा घेतला, भार टाकला. पडली नाही. साचा उलटा केला. वीट अशी उतरली की तिच्या कोपऱ्यांनी बोट कापावं.

सासूनं वाकून पाहिलं. "छान बसतेस," ती म्हणाली, आणि टाचांखालचे तुकडे काढून घेतले.

सोमवारी ऊन पुन्हा तसंच होतं. थोरली फळी घेऊन पळत होती. दुपारपर्यंत पोटऱ्या दगड झाल्या, तेव्हा धाकटीला तिची दया आली. पत्र्याखालून ती म्हणाली, "जाऊबाई, बूटवाल्यानं सांगितलं तसं करून बघा ना. टाच हळूच टेकवायची. शीर मोकळी होईल."

थोरलीनं भरलेली फळी डोक्यावर घेतली. पण मैदानाच्या अर्ध्या वाटेवर, कुणी बघत नाही असं पाहून, तिनं टाच खाली सोडून पाहिली. ती जाईना. तिनं जोर लावला.

धब.

चौदा वर्षांत पहिल्यांदाच. सगळ्या भट्टीनं ऐकलं. विटा मांडून होईपर्यंत धाकटी सावलीतून उठून तिथवर आली होती. तिनं कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, एक वीट उचलली आणि थोरलीच्या रिकाम्या फळीवर ठेवली, परत गाऱ्यात टाकायला. गालांना खळ्या पडल्या नाहीत.

"पाऊल उचल गं," ती म्हणाली.