हात लावू नको

सकाळपासून उज्वला नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. देवळाली कॅम्पच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर तोंड करून बसली. कॉलनीतल्या बुद्धविहारापाशी पोचल्यावर तिनं पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि सरळ रेलिंगच्या पार टोकाला, फाटकाजवळ निघून गेली.

भांडण जुनंच होतं. लग्न झाल्यापासून ती महेशबरोबर रंगकामाला यायची. फाटकं, गॅलऱ्या, बंगल्यांची कुंपणं. गंज तिनं घासायचा, रंग त्यानं द्यायचा. बुद्ध पौर्णिमेआधी विहाराचं रेलिंग रंगवायचं काम मिळालं, तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं तरी मला रंगवू द्या."

"लोकांच्या नजरेतलं काम आहे," महेश म्हणाला. "ओघळ आले तर नाव माझं जातं. तू ब्रशला हात लावू नको."

पौर्णिमा उद्यावर आली होती. बायकांनी सकाळीच आवार धुऊन काढलं होतं, रेलिंगच्या कडेनं अजून पाणी साचलेलं होतं. मंडपवाल्यांनी दिव्यांच्या माळा सोडून त्यांची वायर रेलिंगलाच गुंडाळली होती. महेश लाकडी घोडीवर बसून निळा रंग देत होता. उज्वलानं ओल्यात घसरायला नको म्हणून चपला काढून ठेवल्या होत्या.

विहाराची देखभाल करणाऱ्या सावळीरामबाबांनी माळा लागतात का बघायला आतून बटण दाबलं.

महेशच्या हाताची पालथी बाजू कोऱ्या गजाला लागली आणि हातात मुंग्या आल्या. अवघडला असेल, असं त्याला वाटलं. त्यानं बोटाचं पेर पुन्हा टेकवलं. या वेळी हात आपोआप मागं आला.

रेलिंगमध्ये करंट उतरला होता. त्यानं फाटकाकडं पाहिलं. उज्वला उकिडवी बसून बादलीत पॉलिश पेपर बुडवत होती. अनवाणी पाय पाण्यात, आणि पुढ्यात घासून लख्ख केलेले गज.

"उज्वला! हात लावू नको!"

तिनं मान वळवली. तेच शब्द, आणि तेही चारचौघांत. तिचा चेहरा कसा घट्ट झाला ते त्याला एवढ्या लांबूनही दिसलं.

"रेलिंगमधी करंट..." तो ओरडला, पण तेवढ्यात डोक्यावरचा कर्णा खरखरला. "हॅलो, हॅलो, माईक चेक!" पुढचं सगळं त्यात बुडालं. महेशनं दोन्ही हात हलवले. ती वळली, आणि मुद्दाम त्याला दिसावं असा हात तिनं गजाकडं नेला.

धावून पोचण्याइतका वेळ नव्हता. त्यानं मांडीजवळचा रंगाचा डबा उचलला आणि अंगातलं सगळं बळ लावून फेकला.

डबा तिच्या खांद्यावर बसला. ती रेलिंगपासून लांब, कुशीवर कोसळली. केस, गाल, साडी, सगळं निळं झालं. क्षणभर तिला काय झालं तेच कळेना. मग ती उठली आणि तरातरा त्याच्याकडं आली.

"डबा मारता मला? सगळ्यांदेखत?"

महेशनं खाली उडी टाकून तिचे दोन्ही हात धरले आणि तिला मागं ओढलं. "बाबा! मेन बंद करा! मेन!"

कर्णा गप्प झाला. सावळीरामबाबा मेन बंद करून धापा टाकत बाहेर आले आणि वायर चाचपत निघाले. एका गजाच्या टोकाशी प्लास्टिक सोललं होतं, आतलं तांबं लोखंडाला टेकलं होतं.

"मीच सांगितलं इथं बांधा म्हणून," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. "मीच."

उज्वला आपल्या ओल्या पायांकडं बघत राहिली.

"करंट आधी म्हणायचं ना," ती हळू आवाजात म्हणाली.

"तोंडात तेच आलं."

"तेच येतं तुमच्या तोंडात."



बाबांच्या घरच्या शकुबाईंनी खोबरेल तेल आणून तिचे केस पुसून दिले. मंडपवाल्यानं वायर काढून बांबूवर नेली, टेस्टर लावून सगळं रेलिंग तपासलं. मग महेश रंगाचा दुसरा डबा घेऊन पुन्हा घोडीवर चढला. पण पहिल्याच हाताला ब्रश गजावरून निसटून खालच्या पांढऱ्या कठड्यावर निळा पट्टा ओढत गेला. पुसायला गेला तर तो आणखी पसरला.

"उतरा," उज्वला म्हणाली.

तो उतरला. तिनं ब्रश घेतला, डब्याच्या काठावर निथळवला आणि वरून खाली एका ओढीत गज भरला. संध्याकाळपर्यंत तिनं रेलिंग संपवलं. महेश पुढं पुढं घासत राहिला.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "फाटकाजवळ ओघळ आलाय एक."

"दिसला मला. ब्रशला रंग जास्त झाला."

बस नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबली. तेव्हा कुठं उज्वलाला थरथर सुटली. दात वाजायला लागले. महेशनं तिला जवळ घेतलं. त्याच्या शर्टाला निळा डाग पडला, समोरची बाई टक लावून बघायला लागली. तरी त्यानं हात काढला नाही.