विमानाच्या बॅटरीत दोन बाटल्या पाणी

तीस वरसं झाली, वळसंगात माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान हाय. ट्रॅक्टर, जीप, उसाचा ट्रक, कुणाचीबी बॅटरी आणा, नुसत्या वासावरनं दुखणं सांगतो. त्यामुळं पुतणी वैष्णवीनं विमानाची बॅटरी बनवली तवा मी गावभर सांगून ठेवलं, "विमान असू दे न्हायतर रणगाडा, बॅटरी म्हणजे बॅटरी. अडलं तर आबासाहेब हाय की."

हे सांगितलं सोमवारी. मंगळवारी विमान अडलं.

तसं विमान लहानच. दोन माणसं बसतील एवढं, बिगर पेट्रोलचं. वैष्णवी आन तिच्यासंगं शिकलेला ताबीश, दोघं दोन वरसं आमच्या पत्र्याच्या शेडात त्याची बॅटरी जुळवत हुते. मंगळवारी बेंगळुरूचे तपासणीचे साहेब येणार हुते. विमान जागेवर बांधून पंखा सलग वीस मिनिटं फिरला तर बॅटरी पास. न्हायतर दोन वरसं वाया.

साहेबांना आणायला दोघं सोलापूर स्टेशनला निघाले. जाताना पुतणी म्हणाली, "काका, नुसती राखण करा. हात लावू नका."

लावलाबी न्हाय. बॅटरीची पेटी गुडघ्यानं ढोसून बघितली. आत पाण्याचा आवाजच न्हाय. ठणठणीत कोरडी! म्हणलं, पोरं शिकलेली, पर पाणी घालायचं इसरली. बुचं शोधली, एकबी न्हाय. बाजूनं एक नळी तेवढी बाहेर आलेली. नव्या जमान्यात सगळ्या खान्यांना मिळून पाणी घालायला एकच तोंड ठेवलं असंल. नरसाळं लावलं आन डिस्टिल वॉटरच्या दोन बाटल्या वतल्या. दुकानातलं चांगलं पाणी, नळाचं न्हाय.

साहेब आले. अनिलकुमार नाव, हातात कागदांचा गठ्ठा. ताबीश विमानात बसला, बटण दाबलं. पंखा एक गिरकी मारून थांबला. पडद्यावर लाल अक्षरं.

"वीज कुठंतरी गळतीय म्हणतंय," ताबीश म्हणाला. "काल तर बरोबर हुतं!"

वैष्णवीनं वायरी तपासल्या. ताबीशनं त्याच वायरी परत तपासल्या. साहेबांनी कागद उलटा धरून बघितला. लाल अक्षरं गेली, परत आली. कुणालाच काय कळंना. मीबी सगळ्यांसंगं मान हलवली.

"काका, हात लावला का?" वैष्णवीनं विचारलं.

"आईशप्पत न्हाय."

तेवढ्यात नळीतनं थेंब पडला. मग धार लागली.

साहेब वाकले. "एन री इदु? हे काय? लिथियमच्या बॅटरीत पाणी?"

"डिस्टिल हाय साहेब," मी म्हणलं. "काळजी नको."

"या अल्ला! काका, क्या किया ये!" ताबीशनं डोकं धरलं.

वैष्णवी खालीच बसली. "काका, ती धुराची नळी हाय! आत एखादा सेल पेटला तर धूर विमानाच्या बाहेर जावा म्हणून! हिला पाणी लागतच न्हाय!"

"मग ही पिती काय?"

"काईच पीत न्हाय!"

हे मला अजूनबी पटलेलं न्हाय.

साहेबांनी मात्र कागदावर टिक केली. पाणी शिरलं तर बॅटरीनं आपणहून वीज तोडायची, अशी एक चाचणी यादीत हुती म्हणं. ती फुकटात झाली. पर वीस मिनिटं ऱ्हायलीच. ओली पेटी लांब उघड्यावर नेऊन ठेवली आन पोरांनी जोडीला बनवून ठेवलेली दुसरी काढली. ती चढवताना खाली टेकण पायजे हुतं. मी झटक्यानं ट्रॅक्टरच्या चाकाखालचा दगड काढून दिला. विमान त्याच ट्रॅक्टरला दोरानं बांधलेलं. ट्रॅक्टरला हँडब्रेक न्हाय.

"आत्ता कसं कामाचं केलं, काका," पुतणी म्हणाली.

पंखा फिरला. दहा मिनिटं, पंधरा, एकोणीस. शेवटचं मिनिट पुरा जोर लावायचा असतो. ताबीशनं लावला. विमान निघालं. मागं दोर, दोराला ट्रॅक्टर, सगळी वरात शेजारच्या कांद्यात.

"बंद करू?" आतनं ताबीश वरडला.

"खबरदार!" वैष्णवी पंखापासनं लांब, बांधावरनं पळत हुती. "अर्धं मिनिट ऱ्हायलंय!"

साहेब घड्याळ धरून तिच्या मागं. शेवटी वीस मिनिटं भरली. साहेबांनी बांधावरच सही ठोकली. बॅटरी पास. ताबीशनं बटण बंद केलं, पंखा थांबला, विमान थांबलं.

कांद्याचं रान उताराचं हाय. ट्रॅक्टर थांबला न्हाय. विमानाची शेपूट दोन तुकड्यांत मिळाली.